बुधवारचा बांगडा

गार्गीचा फोन आला तेव्हा अनंत खांबेटेच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. बुधवार होता, सव्वादहा वाजले होते, आणि बुधवारी सव्वादहाला अनंत मुलुंडच्या घरातून वेसाव्याला जायला निघतो हे इमारतीच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. "काका, मी गार्गी, पवईहून, आहार आणि स्मृतीच्या अभ्यासातली," पोरगी नेहमीसारखी भरभर बोलत होती. "तुमचा रक्ताचा रिपोर्ट आलाय. घाबरू नका, छान आहे. म्हणजे जरा जास्तच छान आहे." अनंत हातातल्या बुटाकडे बघत राहिला. पुढचं तिने सावकाश सांगितलं, बहुधा म्हाताऱ्या माणसाला समजावं म्हणून, पण अनंतला ते पहिल्याच वाक्यात समजलं होतं. फॉर्मवर मासे 'कधीच नाही' असं लिहिलंय. रक्तात मात्र माशातलं ओमेगा-थ्री काकूंच्या दुपटीहून जास्त निघालंय, आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्या माणसाचं असतं तेवढं. एकतर नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, नाहीतर फॉर्म भरताना चूक झाली असेल, नाहीतर काका एखादी कॅप्सूल घेत असतील. उद्या काकूंची स्मृतीची चाचणी आहेच, तर काकांनीही सोबत यावं. "येतो," अनंत म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हे कुजबुजत म्हणालो.

"कोण रे?" स्वयंपाकघरातून मृणालिनीने विचारलं. लग्नाआधी दोघं कॉलेजात एकाच वर्गात होती, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो कधी आलंच नव्हतं. "पवईहून. उद्या मलापण बोलावलंय. रिपोर्ट छान आलाय म्हणे." "छान आलाय तर बोलावतात कशाला?" ती म्हणाली. मृणालिनीने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं; उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली अशी वही तिच्या हातून कधी सुटली नव्हती. अनंतने दुसरा बूट घातला, नाडी बांधली, ती सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि "तेच उद्या कळेल" असं पुटपुटत जिना उतरला. खाली आल्यावर त्याला हसू फुटलं. भीती वाटत असताना असं हसू येणं बरं नव्हे, पण आलं खरं. अडतीस वर्षं तो हात धूत आला होता, लिंबू चोळत आला होता, बडीशेप चघळत आला होता, आणि एवढा बंदोबस्त करून चहाडी केली ती त्याच्याच रक्ताने.

या अभ्यासात नाव घालायची कल्पना मृणालिनीची. साठीच्या पुढची जोडपी घ्यायची, एका गटात आयुष्यभराचे मासे खाणारे, दुसऱ्यात आयुष्यभराचे शाकाहारी, दरवर्षी दोघांचं रक्त आणि दोघांची स्मृती तपासायची, असं पाच वर्षं. जोडप्यातला एक गळला की दुसराही गळतो, ही अट. अनंतला त्यात गोडी नव्हती, पण मृणालिनीचा जीव त्यात अडकला होता. तिची आई शेवटची चार वर्षं तिला 'अहो बाई' म्हणत असे. तेव्हापासून मृणालिनी कणीक मळताना एकोणतीसचा पाढा म्हणते, किराणा आणायला जाताना यादी मुद्दाम घरी विसरते, आणि एखादं नाव पटकन आठवलं नाही की तिचा चेहरा असा होतो की अनंतला तो बघवत नाही. दर वर्षी कुणीतरी शिकलेलं माणूस आपल्याला तपासणार, काही बिघडत असेल तर आधी सांगणार, एवढाच तिचा या अभ्यासात आधार होता. फॉर्म तिने जेवणाच्या टेबलावर पसरला होता. शहाऐंशी प्रश्न. दूध किती, तेल कोणतं, जवसाची चटणी आठवड्यातून किती वेळा. माशांच्या रकान्याशी आल्यावर तिने वाचलंही नव्हतं, नुसतं "पुढे" म्हणाली होती, आणि अनंतच्या हातातल्या पेन्सिलीने 'कधीच नाही'वर आपसूक खूण केली होती. शेजारी बायको बसलेली असताना पेन्सिल दुसरं काय करणार?

घाटकोपरला बस सोडून तो मेट्रोत बसला तेव्हा त्याच्या डोक्यात कॅप्सूल हा शब्द घोळू लागला होता. काय वाईट होतं त्यात? डॉक्टर मित्राने दिल्या, गुडघ्यांसाठी घेतो, तुला सांगायचं राहिलं. मृणालिनी थोडी चिडेल, जिलेटिन कशाचं असतं यावर एक व्याख्यान देईल, आणि विषय मिटेल. अभ्यास शाबूत, बुधवार शाबूत. मरोळ नाका आला तसा सवयीने त्याने खिडकीतून खाली पाहिलं. त्यांचा कारखाना जिथे होता तिथे आता निळ्या काचांची इमारत उभी आहे. पंपांचे आराखडे काढण्यात अनंतची तेहेतीस वर्षं तिथेच गेली, आणि आता तो ज्याच्याकडे निघाला होता त्या तुळशीदासची तेवढीच वर्षं तिथल्या टूलरूममध्ये. सत्याऐंशी साली अनंतचे वडील गेले. चौदावा झाला, तो कामावर रुजू झाला, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला कशाचीच चव लागत नाही. घरचं वरण, कॅन्टीनचा चहा, सगळं कोमट पाण्यासारखं. कुणाला सांगायचं? वडील गेल्यावर माणसाला भूक लागत नाही असं सगळे म्हणत होते, पण त्याला भूक लागत होती. नुसतं जिभेवर काही पोचत नव्हतं. टूलरूममध्ये डबे गरम करायला एक पत्रा तापवलेला असे, तिथे तुळशीदास जेवत बसला होता, आणि त्या डब्यातून आलेल्या चिंच-तिरफळाच्या वासाने अनंतच्या तोंडाला एकदम पाणी सुटलं. महिन्याभरात पहिल्यांदा. "काय बघतोस, खांबेट्या? बांगडा हाय. तुला चालायचा नाय," तुळशीदास म्हणाला. अनंत शेजारी बसला आणि तुकडा उचलून तोंडाकडे नेऊ लागला. तुळशीदासने त्याचं मनगट धरलं. "थांब, मरशील." मग त्याने तो तुकडा परत घेतला, दोन बोटांनी काटे काढले, एक एक, घाई न करता, आणि निव्वळ मऊ मांस डब्याच्या झाकणावर ठेवून झाकण पुढे सरकवलं. अनंत जेवला आणि जेवता जेवता रडला. तुळशीदास भिंतीकडे बघत राहिला. उठताना तेवढं म्हणाला, "वहिनींना बोलू नको. सुतक हाय तुझ्याकडे."

सुतक केव्हाच फिटलं होतं, पण घरात वर्ष पाळत होते, आणि वडिलांच्या दुखवट्यात मासे खाऊन आलो हे घरी सांगायची सोय नव्हती. वर्ष उलटेपर्यंत बुधवार पक्का झाला: घरी कॅन्टीनची भात-आमटी सांगायची आणि जेवायचं तुळशीदासच्या डब्यातलं. मग सांगायचं तर आधीचं वर्षही सांगावं लागलं असतं. अशीच दोन वर्षं झाली, पाच झाली, आणि पुढे पुढे ती गोष्ट सांगण्याच्या पलीकडे गेली. दोघं निवृत्त झाल्यावर डबा गेला आणि त्याच्या जागी वेसाव्यातलं तुळशीदासचं घर आलं. मृणालिनीला एवढंच माहीत होतं की अनंत दर बुधवारी जुन्या मित्राकडे जातो, तिथेच भात-आमटी जेवतो, आणि परत येतो तेव्हा त्याच्या हातांना लिंबाचा वास येतो. तुळशीदासची बायको सोनूबाई सरबत चांगलं करत असाव्यात, असा तिचा समज होता आणि अनंतने तो मोडला नव्हता. तसं पाहिलं तर यातलं बरंचसं खरंच होतं. फक्त ताटातली एक वस्तू गाळलेली होती.

सोनूबाई नुकती बाजारातून परतून माशांची पाटी धूत होती. तुळशीदास दारात खुर्चीवर बसून होता, दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. दोन वर्षांपासून त्याची आठवण उसवत चालली होती. आधी पेन्शनची तारीख गेली, मग नातवंडांची नावं, आता कधी कधी बंदराकडून घरी यायचा रस्ताही. अनंतला तो एखाद्या बुधवारी साहेब म्हणे, एखाद्या बुधवारी वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारी. हाच तुळशीदास जन्मल्यापासून मासे खात आला होता. पवईच्या पहिल्या भेटीत अनंतने गार्गीला सहज म्हणून विचारलं होतं, की ज्याने आयुष्यभर मासे खाल्ले त्याला विसर पडतो तो कसा. गार्गीने पेन खाली ठेवलं होतं. "एका माणसावरून काही ठरत नाही, काका. माशांनी मदत होत असेल असं वाटतंय, पण नक्की किती आणि कोणाला, तेच तर शोधतोय." उत्तर प्रामाणिक होतं. पण अनंतला अभ्यासातल्या हजार माणसांशी काय करायचं होतं? त्याला हा एकच हवा होता.

"जेवलास का?" तुळशीदासने विचारलं. "नाही अजून." "बस मग." पाच मिनिटांनी पुन्हा, "जेवलास का?" अनंतने पुन्हा तितक्याच आनंदाने नाही म्हणून सांगितलं. या प्रश्नाचा त्याला कंटाळा येत नसे. जगात इतक्या वेळा इतक्या आस्थेने त्याला जेवलास का म्हणून दुसरं कोण विचारत होतं? सोनूबाईने ताटं वाढली. भात, बांगड्याचं लालभडक कालवण, कांदा. अनंतची जागा तुळशीदासच्या उजव्या हाताला. तुळशीदासला आपला पत्ता आठवत नसला तरी बोटं अजून चालत होती. अनंतच्या ताटातला तुकडा तो आपणहून ओढून घेई, काटे काढी, मांस भातावर ठेवी. आजही त्याने तुकडा घेतला. एक काटा काढला, दुसरा काढला, तिसरा उजेडात धरून बघत राहिला. हे काय आहे आणि ते आपल्या हातात का आहे, असा काहीसा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्याने सगळं एकत्र करून अनंतच्या भातावर ठेवलं. अनंतने पाहिलं नाही. अडतीस वर्षांत आपण काय तोंडात घालतो हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच घासाला घशात कळ आली आणि तो जागच्या जागी थिजला.

"बोलू नका, खाकरू नका," सोनूबाई म्हणाली आणि कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा तिने त्याच्या हातावर ठेवला. "चावायचं नाय. अख्खा गिळा." पहिल्या गोळ्याने काही झालं नाही, दुसऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला काटा सुटला आणि मागे एक ओरखडा ठेवून गेला. तुळशीदास घाबरून बघत होता. काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. "जेवलास का?" त्याने हळूच विचारलं. अनंतने मान डोलावली.

हात धुताना सोनूबाई नळापाशी आली. दर बुधवारसारखं अर्धं लिंबू तिने त्याच्या हातावर ठेवलं. "खांबेटेभाऊ, हे आता व्हायचंच. आठ दिवस झाले, मी यांना काट्याचं देतच नाय. आज तुमच्यासोबत वाढलं म्हणून. बिनकाट्याचं रोज कुठून आणू? मला पहाटे बंदरावर जायला लागतं, एक एक घास सोडवत बसायला येळ नाय. भात कोरडा लागतो मग ताट सारतात." "तुम्ही शिकून घ्या की. एवढी वरसं खाल्लंत." पातेल्यातला एक बांगडा तिने ताटलीत घेतला आणि दाखवलं: पाठीवरून बोट फिरवायचं, मांस दोन्ही बाजूंना उकलायचं, मधला काटा शेपटीकडून सबंध उचलायचा, मग पोटाकडचे बारीक काटे बोटाला लागतात तसे वेचायचे. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायचा. अनंतने केलं तेव्हा त्याचा चिवडा झाला. सोनूबाईला हसू आवरेना. "ब्रिज बांधणारा इंजिनेर तुम्ही?" "पंप," अनंत म्हणाला, "आणि तेसुद्धा कागदावर." निघताना तुळशीदासने दारातून त्याला जवळ बोलावलं. त्याचा चेहरा एकदम लख्ख झाला होता, आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. "खांबेट्या. वहिनींना बोलू नको." दर बुधवारी न चुकता. नातवंडं गेली, रस्ते गेले, पेन्शन गेली, आणि एवढं एक वाक्य त्या डोक्यात घट्ट रुतून बसलं होतं. अनंत मेट्रोत बसला तरी त्याला ते ऐकू येत होतं, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपलं गुपित सांभाळायचं काम आपण एका थकलेल्या माणसावर टाकून ठेवलंय.

संध्याकाळी त्याला गिळताना दुखत होतं. "सर्दी झालीय वाटतं," तो म्हणाला. मृणालिनीने कपाळाला हात लावून पाहिला, मऊ भात लावला, वर मेतकूट आणि तूप घालून पुढे ठेवला, आणि समोर बसून उद्याच्या चाचणीची तयारी करू लागली. स्वतःच दहा शब्द लिहायचे, कागद पालथा घालायचा, पाच मिनिटांनी आठवायचे. "घागर, पोस्टमन, जास्वंद, कुलूप..." ती डोळे मिटून म्हणत होती. अनंत तिच्याकडे बघत होता. आता सांगावं, असं त्याच्या मनात तीन वेळा आलं. पण सांगितलं की अभ्यास गेला, आणि अभ्यास गेला की ही बाई पुन्हा एकटीच आपली परीक्षा घेत बसणार. हा विचार खरा होता आणि सोयीचाही होता. विचार सोयीचा असला की तो खराही आहे याचा अनंतला फार आनंद होत असे. कॅप्सूल, त्याने ठरवलं, आणि भात संपवला.

पवईला गार्गीने आधी मृणालिनीची चाचणी घेतली. दहापैकी नऊ शब्द आले. 'छत्री' राहिली. बाहेर येऊन ती अनंतच्या शेजारी बसली आणि हातातली छत्री दोन-तीनदा उघडमीट करून तिने ती पिशवीत टाकली. "नऊ म्हणजे उत्तम आहेत, काकू," गार्गी म्हणाली. "छत्रीच का गेली?" मृणालिनी म्हणाली. मग गार्गीने दोघांना आत बसवलं आणि रिपोर्ट टेबलावर ठेवला. मृणालिनीने चष्मा लावून तो दोनदा वाचला. "जवसाची चटणी," ती म्हणाली, "मी रोज देते त्याला." गार्गीने मान हलवली. जवसात असतं ते वेगळं. शरीर त्यातून माशातल्यासारखं थोडंसंच तयार करतं, आणि चटणी काकूही खातातच. शिवाय हे तांबड्या पेशींच्या आवरणातलं मोजमाप आहे, म्हणजे एखाद्या दिवसाचं नाही, गेल्या तीन-चार महिन्यांचं. "मग तुमच्याकडे नमुने बदललेत," मृणालिनी म्हणाली. तिचा वर्गातला आवाज लागला होता. "अनंतच्या रक्ताची मी खात्री देते. हा माणूस केक खाताना त्यात अंडं आहे का म्हणून दहा वेळा विचारतो. चाळीस वर्षं ओळखते मी याला. चूक तुमची आहे आणि ती लिहून ठेवा." गार्गी खाली बघू लागली. "नमुने मीच घेतले होते, काकू. मीच चिठ्ठ्या लावल्या. चूक असेल तर माझ्याच हातून झालीय." मग तिने अनंतकडे पाहिलं, जवळजवळ विनंती केल्यासारखं. "काका, एखादी कॅप्सूल वगैरे घेता का तुम्ही?"

दार सताड उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण एकीकडे ही मुलगी नसलेली चूक अंगावर घ्यायला निघाली होती, आणि दुसरीकडे एक छत्री विसरल्याने हादरलेली बायको त्याच्याविषयी मात्र एवढ्या ठामपणे बोलत होती. सगळं निसटत असताना तिने ज्या एका गोष्टीची खात्री दिली ती नेमकी हीच, हे अनंतला सोसेना. "बुधवारी," तो म्हणाला. घसा अजून दुखत होता. "दर बुधवारी. तुळशीदासकडे."

गार्गीने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. मृणालिनीने चष्मा काढला. "काय?" "बांगडा. बहुतेक वेळा बांगडा. कधी तारली." "कधीपासून?" "सत्याऐंशी." तिचे ओठ हलू लागले, आणि अनंतला कळलं की ती हिशेब मांडतेय. "पावसाळ्याचे नि सणांचे सोडले तरी सोळाशे बुधवार झाले," ती म्हणाली. "बाबा गेले त्या वर्षी?" "हो. चव गेली होती माझी. तिथे परत आली." मृणालिनीचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती भयंकर चिडलीही. "मासे खाल्लेस याचं मला काही नाही रे. सोळाशे वेळा मी तुला विचारलं काय जेवलास, आणि सोळाशे वेळा तू भात-आमटी म्हणालास. आणि चव गेली होती हेसुद्धा मला आज कळतंय, या मुलीसमोर." "चुकलं माझं," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. "आता आम्ही दोघं बाद ना?" मृणालिनीने विचारलं. या प्रश्नाला मात्र तिचा आवाज कापला. गार्गी उठून अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना विचारून आली. येताना तिचा चेहरा फुलला होता. "बाद नाही. शाकाहारी गटातून काढावं लागेल, पण मॅडम म्हणतायत वेगळी नोंद ठेवू. एकच घर, एकच कणीक, एकच चटणी, आणि फरक फक्त एका बुधवारचा. असं जोडपं आमच्याकडे दुसरं नाहीये. फक्त फॉर्म पुन्हा भरायचा. पेनने."

तलाव मागे पडला. रिक्षात मृणालिनी म्हणाली, "तुला शेवग्याची शेंग धड खाता येत नाही. काटे कसे काढतोस?" "तुळशीदास काढून देतो." "इतकी वर्षं?" "हो." "आणि आता? त्यांना तर काही आठवत नाही म्हणतोस." मग अनंतने तिला कालचं सगळं सांगितलं, तो तिसरा काटा, भाताचे गोळे, सोनूबाईने दिलेला धडा. "म्हणजे ती सर्दी नव्हती," ती म्हणाली, "आणि मी माझं चांगलं मेतकूट वाया घालवलं." ती बाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते, आणि ते हसण्याने की रडण्याने हे तिने त्याला कळू दिलं नाही. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "आईला शेवटी मी भरवत होते. माझं नाव तिला येत नव्हतं. पण दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड मिटून घ्यायची." सिग्नल सुटला. "पुढच्या बुधवारी मी येते. खाणार नाही मी. पण येते."

ती आली. स्वतःसाठी वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन आली, आणि सोनूबाईने त्यातलं अर्धं मागून घेऊन चाटूनपुसून खाल्लं. सहा दिवस घरी अनंतने केळफूल सोलून बोटांना सराव दिला होता. त्याचा उपयोग किती झाला ते देव जाणे. आता तो तुळशीदासच्या उजव्या हाताला ताटावर वाकून बसला होता. पाठीवरून बोट, मांस दोन्हीकडे, मधला काटा शेपटीकडून. तो अर्ध्यावर तुटला. सोनूबाई लांबूनच "पोटाकडं बघा, पोटाकडं" म्हणत होती, आणि मृणालिनी नाकाला पदर लावून, पण चष्मा घालून, काढलेले काटे मोजत होती. पाऊण तासाने एक बांगडा झाला. अनंतने एकेक घास पुन्हा बोटांनी चाचपला आणि मग तुळशीदासच्या भातावर ठेवला. तुळशीदासने तो खाल्ला. थांबला, जिभेने शोधलं, काही सापडलं नाही. दुसरा खाल्ला. पंधरा दिवस ताट सारणारा माणूस भराभर जेवू लागला तेव्हा सोनूबाई उगाचच चुलीकडे वळली.

मग तुळशीदासचं लक्ष मृणालिनीकडे गेलं. ही कोण, घरात का बसलीय, काही त्याला उमगेना. त्याने तिला नीट निरखलं, अनंतकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो बुधवारचा लख्खपणा आला. पुढे झुकून त्याने ओठांवर बोट ठेवलं. "बाई," तो तिला हळूच म्हणाला, "हा इथं मासे खातो. वहिनींना बोलू नका हां. बिचाऱ्याचा बाप गेलाय."

मृणालिनीने चष्मा काढून पुसला. अनंतकडे तिने पाहिलं नाही. "नाही सांगत," ती म्हणाली. तुळशीदासने समाधानाने मान हलवली आणि आपलं ताट पुन्हा अनंतच्या पुढे सरकवलं.